भरदार छातीचा यजमान

सत्यनारायणाच्या पूजेला बसायला छाती भरदार लागते, असं पोथीत कुठेही लिहिलेलं नाही. पाच अध्यायांत लाकूडतोड्या आहे, साधुवाणी आहे, राजा आहे. पण एकाच्याही छातीचं माप दिलेलं नाही. तरीही ही गोष्ट पंढरीनाथ धुरींच्या डोक्यात शिरली आणि पुढच्या सगळ्या अनर्थाला तिथूनच सुरुवात झाली.

ती शिरवली गोदूबाईंनी. भाईंदर पश्चिमेच्या ‘प्रेमकुंज’ सोसायटीत तळमजल्यावर, अगदी जिन्यासमोर राहणाऱ्या आणि दार दिवसभर उघडं ठेवणाऱ्या या आजी. प्रेमकुंजात दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी सत्यनारायण असे. एकाच मांडवात देश आणि देव दोन्ही उरकत, त्यामुळे मांडववाल्याची दाढी एकदाच धरावी लागे. पूजेला कुठल्या जोडप्याने बसायचं ते खोलीच्या नंबराने ठरलेलं. धुरींची खोली बारावी, म्हणजे शेवटची. इतकी वर्षं त्यांच्या पत्नी शैलाताई दुसऱ्यांच्या पूजेत केळीचे खांब बांधत, शिरा ढवळत आणि तीर्थ वाटत आल्या होत्या. पंचाण्णव साली त्यांचा नंबर लागणार होता. तो चुकला की पाळी पुन्हा पहिल्या खोलीवर, आणि मग आणखी बारा वर्षं वाट बघा. पूजेसाठी घेतलेलं डाळिंबी नऊवारी त्यांनी शेजारणींना इतक्यांदा उलगडून दाखवलं होतं की ते न नेसताच जुनं दिसायला लागलं होतं.

आधीच्या वर्षी केबलवाल्याने पूजेचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि आठवडाभर रोज केबलवर दाखवलं. यजमान होते अकरा नंबरचे मनसुखभाई. हार्डवेअरचं दुकान, सोसायटीचं चेअरमनपद आणि त्या दोन्हींना साजेसा देह. सोवळं नेसून, उघड्या अंगाने ते चौरंगासमोर बसले तेव्हा कॅमेऱ्यात देव मावेना.

“यजमान असा हवा!” गोदूबाईंनी पंढरीनाथांना जिन्यात गाठून सांगितलं. “पुढल्या वर्षी तुझा नंबर, पंढरी. आणि कॅमेरा असणार बरं का. तुझ्या बरगड्या बघून लोक म्हणतील, प्रसाद नंतर वाटा, आधी यजमानाला दोन घास घाला.”

पंढरीनाथ फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते. हाताखाली माणसं होती. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी जिन्यात उभं राहून बरगड्यांवर भाषण ऐकणं त्यांना लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी आरशासमोर शर्ट काढला, छाती फुगवली, आणि फुगवलेली छाती व न फुगवलेली छाती यांत काहीच फरक नाही हे त्यांना कळून चुकलं.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. मनसुखभाईंनी साजूक तूप सांगितलं. तुपाने फक्त घसा बसला. गोदूबाईंनी रात्री भिजवलेले हरभरे सांगितले. त्या हरभऱ्यांचा परिणाम छातीवर झाला नाही, ऑफिसात शेजारच्या टेबलांवर झाला. हेडक्लार्कला कोणी तोंडावर काही बोलत नाही, पण खिडक्या उघडल्या जातात, आणि त्याही अपमानच करतात.

शेवटी ते रोशनच्या जिममध्ये जाऊन पोचले. रोशन हा मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीतला, मूळ भाईंदर गावातलाच दणकट जवान. एका गाळ्यात आरसे आणि वजनं मांडून बसलेला. त्याने पंढरीनाथांच्या दंडाला दोन बोटं लावली आणि गंभीर चेहरा केला.

“काका, तुमची बॉडी आतून झोपलेली हाय. व्यायाम करून ती उठाची न्हाय.”

“मग?”

रोशनने कपाटातून एक डबी काढली. तिच्यावर कसलीही चिठ्ठी नव्हती. “हार्मोनच्या गोळ्या. बाहेरच्या. मर्दांच्या. तीन महिन्यांत तुम्ही स्वतःला ओलखाचे न्हाय.”

रोशनवर नंतर सगळ्यांनी पुष्कळ आग पाखडली, पण तो खोटं बोलला होता असं कोणालाही म्हणता यायचं नाही.

घरी पंढरीनाथांनी डबीवर ‘पित्त’ असं लिहिलं. शैलाताईंनी विचारलं तेव्हा पित्त फार झालंय म्हणाले. सरकारी आणि खाजगी मिळून पंचवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला खरी वस्तू खोट्या नावाने फाइल करणं जड जात नाही.

सुरुवात झोकात झाली. दंड जरा भरले. भूक अशी लागे की शैलाताई कौतुकाने परातभर पीठ मळत. आवाजात जरब आली. पूर्वी पाण्याचा टँकर प्रेमकुंजवरून सरळ पुढे जाई आणि पंढरीनाथ गॅलरीतून “अहो... अहो...” करत राहत. आता त्यांनी रस्त्यात उतरून ड्रायव्हरला अशा काही शिव्या घातल्या की तो टँकर उलटा वळवून आला. पुढे पंधरा दिवस टँकर आधी प्रेमकुंजात. बायका त्यांना बघून पदर सावरून उभ्या राहू लागल्या. मुरुमं आली तीही त्यांनी तारुण्याची खूण म्हणून मिरवली.

मग एका सकाळी जिना उतरताना त्यांना छातीत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. हृदय असेल, म्हणून ते थांबले. पण हृदय दोन्हीकडे नसतं. ते तसेच वर गेले, न्हाणीघराची कडी लावली आणि शर्ट वर केला.

छाती भरली होती. मनसुखभाईंची भरते तशी नव्हे, किंवा रोशनच्या भिंतीवरच्या फोटोंतल्या पैलवानांची भरते तशीही नव्हे. शैलाताईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं त्या सुमाराला ती जशी दिसत असे, साधारण तशी. पंढरीनाथ बादली पालथी घालून तिच्यावर बसले. हात लावला तर दुखत होतं. आयुष्यात त्यांनी देवाकडे थोडंच मागितलं होतं, आणि त्यातलं हे एक देवाने मनावर घेतलं होतं, तेही असं!

त्या दिवसापासून त्यांनी स्वेटर घातला. भाईंदरची थंडी म्हणजे पंखा तीनवरून दोनवर आणण्याइतकी. तिथे हा माणूस हाताने विणलेला जाड स्वेटर घालून बाजारात कोथिंबीर घेत उभा. विचारणाऱ्याला ते “कणकण आहे” म्हणत. घरात ते शैलाताईंकडे पाठ करून कपडे बदलू लागले. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईच्या हे लक्षात येत नाही असं समजणारे पुरुष अजूनही आहेत.

डॉक्टर गाठणं भाग होतं. स्टेशनजवळ डॉक्टर वासंतीबाईंचा दवाखाना होता. धुरींच्या घरचा खोकला, जुलाब सगळं त्याच बघत.

“माझ्या एका मित्राला थोडा त्रास आहे,” पंढरीनाथ म्हणाले.

“काय होतंय मित्राला?”

“त्याला जरा... छातीला... म्हणजे वाढ आहे.”

“मित्राला स्वेटर काढायला सांगा,” वासंतीबाई म्हणाल्या.

तपासून झाल्यावर त्यांनी काय घेताय ते विचारलं. पंढरीनाथांनी खिशातून पित्ताची डबी काढली. बाई पाच मिनिटं बोलत होत्या आणि त्यातली चार नुसत्या रागावत होत्या. सार एवढंच, की पुरुषाचं हार्मोन बाहेरून फार झालं की शरीर त्यातल्या काहीचं बाईचं हार्मोन करून टाकतं. गोळ्या आजच्या आज बंद. सूज उतरेल, पण तिच्या सवडीने. काही महिने लागतील.

“सव्वीस जानेवारीपर्यंत उतरेल?”

“का? परेडला जायचंय?”

आणि जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. गोळ्या अचानक थांबल्या की मन हळवं होईल, रडू येईल, घाबरू नका. पंढरीनाथांनी ते कानाआड केलं. रडण्याचं त्यांना भय नव्हतं. भय होतं सोवळ्याचं.

ते वझे गुरुजींकडे गेले. पूजा सांगायला दर वर्षी हेच येत.

“गुरुजी, थंडी फार आहे. यजमानाने बनियन घातला तर?”

“शिवलेलं वस्त्र सोवळ्यात चालत नाही.”

“विणलेला असतो हो तो.”

“बाह्यांना शिवण असते,” गुरुजी म्हणाले. त्यांनी हा प्रश्न बहुधा आधीही निकालात काढला असावा.

“मग उपरणं?”

“घ्या की. डाव्या खांद्यावरून. उजवा मोकळा.”

पंढरीनाथांनी मनाशी चित्र उभं केलं. डावी बाजू झाकलेली, उजवी केबलवर. हे तर दोन्ही उघड्या ठेवण्यापेक्षा वाईट. लोक तुलना करायला मोकळे.

“बाकी सोयरसुतक काही नाही ना?” गुरुजींनी उठता उठता विचारलं. “तेवढं असलं तर मात्र बसता येणार नाही.”

हा प्रश्न गुरुजी सगळ्यांनाच विचारत. पण पंढरीनाथांना घरी जाईपर्यंत रस्ता दिसला नाही, दिसत होतं ते फक्त सुतक. सुतक म्हणजे कोणाची हरकत नाही, कोणाचा दोष नाही. फक्त भावकीतलं कोणीतरी जायला हवं होतं. माणूस मारायचाच तर तो लांबचा, म्हातारा आणि फोन नसलेला हवा. या तिन्ही अटींत बसत होते गावचे लवूकाका, वडिलांचे सख्खे चुलतभाऊ, वय ऐंशी. पंढरीनाथांचं मन खात होतं, नाही असं नाही. पण ऐंशी वर्षांच्या माणसाचं आपण फक्त थोडं आधी जाहीर करतोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी दारातच चपला काढून ते म्हणाले, “गावचा माणूस ऑफिसात आला होता. लवूकाका गेले. पंधरा दिवस झाले म्हणे.”

पंधरा दिवस त्यांनी मुद्दाम घातले होते, म्हणजे गावाला का जात नाही असं कोणी विचारू नये.

शैलाताई मटकन खाली बसल्या. “अहो, मी त्यांना पूजेला बोलावलं होतं! दसऱ्यालाच निरोप धाडला होता. म्हटलं, घरातलं वडील माणूस कोणी तरी हवं...” मग त्या उठल्या, डाळिंबी लुगडं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काढलं, खालच्या कप्प्यात ठेवलं, आणि कपाट लावून घेतलं.

पंढरीनाथांना त्या बंद कपाटाकडे बघून रडू कोसळलं. आधी डोळे भरले, मग हुंदका आला, मग तो थांबेचना. वासंतीबाईंनी सांगितलेली वेळ नेमकी येऊन ठेपली होती. गोदूबाई धावत आल्या. त्यांना बघून ते आणखी रडले. मनसुखभाई आले, त्यांनी पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते त्यांच्या भरदार छातीकडे बघून ओक्साबोक्शी रडले.

“किती जीव होता काकांवर!” सगळी सोसायटी हळहळली. गोदूबाईंनी पिठलं-भात आणला. पंढरीनाथ पिठलं बघून रडले. बातम्यांत कांद्याचे भाव ऐकून रडले. सख्ख्या बापाला इतकं कोणी रडत नाही, असं पाचव्या खोलीपर्यंत बोललं गेलं. ज्या लवूकाकांना पंढरीनाथ पाच वर्षांत भेटले नव्हते, ते प्रेमकुंजात आता घराघरांत पोचले. ते किती प्रेमळ होते याच्या आठवणी गोदूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या.

आणि मग वझे गुरुजी समाचाराला आले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“जाऊन पंधरा दिवस झाले ना? मग दहा दिवस उलटून गेल्यावर कळलंय. तीन दिवसांचंच सुतक. पूजेच्या आत फिटतं. काकांची इच्छा असेल हो, तुम्ही बसावं.”

शैलाताईंचा चेहरा असा उजळला की पंढरीनाथांना पुन्हा रडावं लागलं. शास्त्रात मयताची बातमी शिळी झाली की सुतक स्वस्त होतं, हे त्यांना कोणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी काकांना आदल्या दिवशी मारलं असतं. आता तीही सोय राहिली नव्हती. एकाच माणसाला दोनदा मारता येत नाही.

सव्वीस जानेवारी उजाडली. संध्याकाळी ताप आणायचा, असा पंढरीनाथांचा बेत होता. सकाळी अंगणात झेंडावंदनाला सगळे जमले. मनसुखभाईंनी दोरी ओढली, फुलं पडली, राष्ट्रगीत झालं, टाळ्या झाल्या. एवढ्यात फाटकातून एक वाळकुडा म्हातारा आत आला. डोक्यावर टोपी, खांद्यावर नारळांचं पोतं.

“पंढरीचा बिऱ्हाड खंय?” त्याने पहिल्यांदा दिसलेल्या बाईला, म्हणजे गोदूबाईंना विचारलं.

“तुम्ही कोण?”

“मी लवू धुरी. पंढरीचो काको. सुनबाईन पूजेक बोलावल्यान हा.”

गोदूबाईंनी किंकाळी फोडली आणि झेंड्याचा खांब धरला. दोन पोरी जिन्याकडे पळाल्या. वझे गुरुजी संध्याकाळच्या तयारीला आलेले, ते पुटपुटत मागे सरकले.

“असा काय बघतास?” म्हातारा बुचकळ्यात पडला.

“काका, तुम्ही... तुम्ही गेलात ना?” मनसुखभाई म्हणाले. “आम्ही सगळ्यांनी शोक केला.”

“मी मेलंय? कधी? मेल्यांनो, माका कळवूक नको?”

मग सगळी सोसायटी सावकाश वळली आणि स्वेटर घातलेल्या माणसाकडे बघू लागली. पंढरीनाथांना पळायचं होतं, पण फाटकात नारळांचं पोतं होतं. कोणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. कोणी म्हणालं, गावच्या जमिनीची भानगड असणार. गुरुजी म्हणाले, पूजेत विघ्न आणण्यासाठी जिवंत माणूस मारल्याचं त्यांच्या पाहण्यात नाही.

शैलाताई गर्दीतून पुढे आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज खणखणीत होता.

“तीन महिने पाठ करून कपडे बदलताय. माझ्याकडे बघत नाही. आणि आता पूजेला बसायला लागू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाला मारलंत. एवढंच सांगा, माझ्या शेजारी बसायची लाज वाटते का तुम्हाला?”

पंढरीनाथांच्या डोक्यात या तीन महिन्यांत पन्नास शंका येऊन गेल्या होत्या. ही एक कधी आली नव्हती. आपल्या छातीच्या काळजीत हिच्या मनाचं काय होत असेल हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि हे रडू हार्मोनचं नव्हतं.

“लाज वाटते. तुझी नाही. माझी,” ते म्हणाले. आणि झेंड्याखाली, साऱ्या प्रेमकुंजासमोर त्यांनी स्वेटर काढला, शर्ट काढला, आणि बनियनही डोक्यावरून ओढून काढला. “ही. ही दाखवायची लाज वाटते. गोळ्या खाल्ल्या मी. पित्ताच्या नव्हे.”

बायकांनी वर बघितलं, झेंड्याकडे. मनसुखभाई दोन पावलं पुढे आले, त्यांनी नीट निरखून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निराशा पसरली.

“बस, इतनाच?” त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली. “पंढरीभाई, हे बघा. माझे तर तुमच्या डबल हाय. गेल्या वर्षी आठ दिवस टीव्हीवर होते. कोणी काय बोललं? आमच्यात ह्याला तब्येत म्हणतात.”

सात नंबरच्याने आपल्या पोटाकडे बघितलं आणि छातीकडेही. चार नंबरच्याने हाताची घडी घातली. चाळिशीच्या पुढचा एकही पुरुष त्या अंगणात असा नव्हता, ज्याला दुसऱ्यावर हसायला तोंड होतं.

“छे, चांगला भरलायस की,” गोदूबाईंनी खांब सोडून निकाल दिला. “उगीच लपवत होतास.”

लवूकाकांनी पोतं खाली ठेवलं, पुतण्याच्या छातीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “मेल्या, ह्या लपवूक माका मारलंस?”

पहिल्यांदा हसल्या त्या शैलाताई. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर पडलं, आणि मग त्या पायरीवर बसून पदराने डोळे पुसत हसत राहिल्या.

संध्याकाळी पूजा झाली. पंढरीनाथ सोवळं नेसून, उघड्या अंगाने पाटावर बसले. शेजारी डाळिंबी लुगडं. केबलवाल्याचा दिवा तोंडावर आला तसा त्यांनी उपरण्याला हात घातला. पण हात हलला की पळी हिंदकळत होती, म्हणून तो पुन्हा खाली घेतला. पोथीला लवूकाका सर्वांत पुढे बसले होते, आणि साधुवाण्याची नाव बुडाली तिथे मोठ्याने हळहळले.

“यजमानीणबाई, यजमानांच्या हाताला हात लावा,” गुरुजी म्हणाले. शैलाताईंनी उजवा हात नवऱ्याच्या उजव्या हाताला लावला. गुरुजींनी पाणी सोडलं, मंत्र म्हटला, पुढचं पान उलटलं.

“आता हात काढला तरी चालेल.”

शैलाताईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. गुरुजींनी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं. मग त्यांनी दोघांकडे बघितलं, घसा खाकरला, आणि पाचवा अध्याय सुरू केला.